भूलवाल्या अक्का

अक्कांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या छोट्या ऑपरेशन थिएटरात स्टुलावर बसून, तिथं नसलेल्या फांदीखालून मान वाकवत होत्या. डोळ्यांवर पाणबुड्यासारखा काळा डबा, पदर कमरेला खोचलेला, चपला भिंतीशी नीट लावून ठेवलेल्या. माझ्या नोकरीचा पहिला दिवस. कडक इस्त्रीचा युनिफॉर्म घालून मी दारात उभी होते. माझी चाहूल लागली तशा त्या म्हणाल्या, "कोण, नवीन सिस्टर काय? वाकून ये ग. फांदी खाली आलीय."

मी वाकले. का वाकले ते मला आजही सांगता येणार नाही. पांढऱ्या टाइल्सची, स्पिरिटच्या वासाची खोली आणि वर नुसता पंखा. पण त्यांनी इतक्या सहज सांगितलं होतं की न वाकता आत जाणं उद्धटपणाचं वाटलं असतं.

"वाकलीस," त्या म्हणाल्या. डबा डोळ्यांवरच होता. "पावलांवरून कळलं. टिकशील तू इथं."

हुबळीत लॅमिंग्टन रोडच्या मागच्या गल्लीत आमचं ते नर्सिंग होम होतं. मोठी ऑपरेशनं फारशी होत नसत. गळू कापणं, रुतलेलं नख काढणं, टाके घालणं, गाठीचा तुकडा तपासायला काढणं, भाजलेल्यांचं ड्रेसिंग, असली कामं. असल्या कामात माणूस जागा असतो, आणि जागा असणं हीच त्याची अडचण असते. अक्का भूलतज्ज्ञ. आमच्या सर्जनच्या वडिलांच्या काळापासून त्या तिथं भूल देत आलेल्या, त्यामुळं सर्जन त्यांना 'मेडम' म्हणायचे आणि त्या त्यांना 'अरे' म्हणायच्या. बाकी सगळे म्हणायचे अक्का. सत्तरीकडं झुकलेल्या, किरकोळ, पण आवाज चांगला खर्जातला. धारवाडात माळमड्डीला एकट्या राहायच्या आणि रोज बसनं हुबळीला यायच्या. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "राहिलं बघ." बाजारातून येताना कोथिंबीर घ्यायची राहावी तसं.

तो काळा डबा म्हणजे व्हीआर हेडसेट. अक्कांच्या भाच्यानं बेंगळूरहून पाठवलेला. डोळ्यांवर चढवला की आपण आहोत ती खोली जाते आणि दुसरीच जागा येते. मान वळवावी तिकडं तीच जागा, वरही तीच, पाठीमागंही तीच. भाच्याला वाटलं, मावशी एकटी असते, करमणूक होईल. मावशीनं तो एकदा घालून पाहिला आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या पिशवीत, भाकरी आणि शेंगाचटणीच्या शेजारी घालून नर्सिंग होमला आणला.

"जन्मभर मी माणसांना बेशुद्ध करत आले," त्या मला म्हणाल्या होत्या. "शुद्धीत ठेवूनसुद्धा बाहेर नेऊन आणता येतं, हे आत्ता म्हातारपणी कळालं."

पण त्या भाबड्या नव्हत्या. जागा बधिर करायचं इंजेक्शन त्या स्वतः द्यायच्या, पूर्वी द्यायच्या तितक्याच काळजीनं. कुणी नातेवाईक कौतुकानं म्हणाला, आता सुई नकोच वाटतं, तर त्याला फटकारायच्या. "सुई ती सुई. दुखणं तिनं कमी व्हायचं. ह्यानं नुसतं माणसाला दुखण्यापासून जरा बाजूला बसता येतं, एवढंच."

आमच्या सर्जनना हे पटायला वेळ लागला. "मेडम, टॉय आहे हो ते," ते म्हणायचे.

"असू दे की. तुझ्या हातात सुरी असताना त्याच्या हातात खेळणं नको काय?"

'कन्नडक' म्हणजे कन्नडमध्ये चष्मा. पेशंट त्या डब्याला कन्नडकच म्हणू लागले. "त्या कन्नडकवाल्या बाई आहेत का आज?" असं विचारत लोक यायचे.

सुरुवातीला डब्यात जी तयार चित्रं आली होती ती सगळी परदेशातली. बर्फाचे डोंगर, उंच झाडांचं जंगल, निळा समुद्र, देवमासा. कुंदगोळहून आलेल्या एका अज्जींचं रुतलेलं नख काढायचं होतं. त्यांच्यापुढं हळूहळू देवमासा आला, आणि अज्जींनी लुगडं गुडघ्याच्या वर ओढून "नीरु बंतु! नीरु बंतु!" पाणी आलं, पाणी आलं, असा ओरडा केला. सर्जनच्या हातातला चिमटा खाली पडला. एका रिटायर बँकवाल्यांना बर्फात पाठवलं तर ते अर्ध्यातच स्वेटर मागू लागले. आम्ही सगळे हसलो. अक्का हसल्या नाहीत. दुपारी भाकरी खाताना एकदम म्हणाल्या, "चूक आपली आहे. अनोळखी जागेत माणूस जास्तच जागा होतो. भूल पडायची तर ओळखीच्या जागेनं पडायला पाहिजे."

मग त्यांनी स्वतःच चित्रं काढायला घेतली. भाच्याकडून चहूबाजूंनी बघणारा एक छोटा कॅमेरा मागवला, दोन्हीकडं बेडकाच्या डोळ्यासारखं भिंग असलेला. रविवारी मला सोबत न्यायच्या. आणि इथून त्यांच्या खऱ्या विक्षिप्तपणाला सुरुवात झाली, कारण अक्का कुठंही गेल्या की आधी जमिनीवर आडव्या व्हायच्या.

"पेशंट निजलेला असतो ग. मग जागापण निजूनच निवडायला नको काय?"

उणकल तळ्याच्या काठाला त्या चक्क गवतावर उताण्या पडल्या, हात पोटावर, कॅमेरा कानाशेजारी. माणसं जमली. एकीनं पदरानं वारा घातला, एकानं बाटलीतलं पाणी तोंडावर शिंपडलं. अक्का डोळे न उघडता कन्नडमध्ये म्हणाल्या, "जिवंत आहे मी, सावली सोडा." अळणावरच्या बाजूला रानात गेलो तेव्हा सागाच्या पाचोळ्यात अशा काही विसावल्या की मी शेजारी बसल्या बसल्या पेंगले. जाग आली तेव्हा उन्हाचे कवडसे त्यांच्या साडीवर सरकत होते आणि त्या डोळे उघडे ठेवून वर बघत होत्या. कुठंतरी लांब रेल्वे गेली. तिचा आवाज गेल्यावरही रान तो आवाज जरा वेळ धरून बसलं होतं. "हे बरं आहे," त्या पुटपुटल्या. "ह्यात नडगीवरचं गळू निघेल एखाद्याचं."

त्यांचा एकच नियम होता. चित्रात काही घडता कामा नये. तळ्याच्या चित्रात एक खंड्या सूर मारून मासा घेऊन गेला. मला ते फार आवडलं होतं. अक्कांनी पुसून टाकलं. "आता पेशंट त्या पक्ष्याचीच वाट बघत बसणार. वाट बघणारा माणूस ताठ होतो."

अशी हळूहळू त्यांची जागांची पेटी भरली. रान होतं, तळं होतं. ज्वारीचं शेत होतं, त्यात खालून बघितलं की कणसं आभाळाला टेकलेली. सुट्टीतली एक शाळा होती, तिचा लांब व्हरांडा आणि वाऱ्यानं आपोआप हलणारी एक खिडकी. पेशंटला टेबलावर घेतलं की अक्का आधी त्याच्या चपला काढायला लावत, मग डबा चढवत, आणि मग पायाशी स्टूल घेऊन त्याच्या पायाचा अंगठा चिमटीत धरून बसत. "घाबरू नका" हे शब्द त्यांनी थिएटरात बंद केले होते. "कसं वाटतंय?" हेही नाही. त्या एकच विचारत, कन्नडवाल्याला "एल्लि अदीरि?", मराठीवाल्याला "कुठं आहात?"

आणि माणसं खरंच सांगायची. टेबलावरून, अर्धवट झोपेतल्यासारख्या आवाजात. "बांधावर आहे." "व्हरांड्यात. पाचवीच्या वर्गाबाहेर." एक वकील, धारवाडच्या कोर्टात जन्मभर इंग्रजी झाडलेले, पाठीवरची गाठ काढताना ज्वारीच्या शेतात गेले आणि लहान पोरासारखे म्हणाले, "आक्कानं हुरडा भाजलाय, पण गरम आहे." कुठली आक्का, कुठला हुरडा, चित्रात तर नुसती कणसं. आमच्या अक्का अंगठा धरून हळूच म्हणाल्या, "फुंकर घाला की मग." आणि वकिलांनी खरंच फुंकर घातली. तेवढ्यात गाठ निघाली.

त्या खोलीत तेव्हा असं असायचं. इकडं ट्रेमध्ये हत्यारांचा बारीक आवाज, एसीची घरघर, आणि टेबलावर कुणीतरी दुसरीकडंच. दुपारी थकवा आला की मलासुद्धा कळेनासं व्हायचं, भिंती इथल्या आहेत की तिथल्या.

तारिहाळची ती मुलगी आली तोवर आम्हाला वाटत होतं, सगळं जमलंय.

हुबळीबाहेर तारिहाळला रबराचे वायसर करायच्या कारखान्यात ती कामाला होती. तिथं गरम प्रेस असतो. खाली एक लोखंडी पाट, वर एक पाट, मध्ये साच्यात रबर ठेवायचं आणि वरचा पाट खाली दाबायचा. तिचा डावा हात वेळेवर बाहेर आला नाही. चिरडायचा वाचला, पण मनगटापासून बोटांपर्यंत पंजाची मागची बाजू भाजली. वीस-बावीसची असेल. घरात मराठी बोलणारी, हुबळीतच वाढलेली. आई बाहेर बाकावर बसायची आणि आतून किंकाळी आली की कानांवर पदर ओढून घ्यायची.

भाजलेल्याचं ड्रेसिंग बदलणं हे फार अवघड काम असतं. औषध कितीही दिलं तरी पट्टी उचलताना माणसाला ते सारं पुन्हा आठवतं. ही मुलगी तर हात देतच नव्हती. छातीशी कवटाळून बसायची. दर वेळी झोपेचं औषध देऊन करणं बरं नव्हतं, आणि झोपेत ड्रेसिंग झालं तरी बोटं कोण हलवणार? ती बोटं तिनं जागेपणी, रोज हलवायला हवी होती. नाही तर कातडी आखडून हाताची मूठ कायमची अर्धी मिटलेली राहणार होती. सर्जननी तिला हे समजावून सांगितलं. ती मान हलवायची आणि हात आणखी आत ओढायची.

अक्कांनी तिला रानात नेलं, तळ्यावर नेलं. दोन्ही वेळा तिनं डबा ओढून काढला.

"मग कुठं जाऊ या?" अक्कांनी विचारलं.

"कुठंच नको. कुठं गेलं तरी तेच येतंय."

"काय येतंय?"

"प्रेस." ती भिंतीकडं बघत म्हणाली. "वरचा पाट खाली येतो अक्का. पोचत नाही कधी. नुसता येतच राहतो."

अक्कांनी तिच्या पायांवर चादर ओढली. जरा वेळानं म्हणाल्या, "आणि बंद असला की कसा दिसतो ग तो?"

मुलगी गोंधळली. "बंद? मी गेले की चालूच असायचा. आम्ही सुटलो की दुसरी पाळी आत." मग तिनं डोळे मिटून घेतले. मला वाटलं, झोप लागली. तेवढ्यात ती म्हणाली, "बंद असलेला बघायचाय मला."

सर्जन ह्याला अजिबात तयार नव्हते. "मेडम, जिथं भाजली तिथंच परत न्यायचं? बिथरली म्हणजे?"

"बिथरली तर डबा काढीन. पण मागितलंय तिनं. आपण देणार ते नको म्हणाली आणि स्वतः एक मागितलं." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मलापण धाकधूक आहे रे. नाही असं नाही."

सुट्टीचा दिवस बघून आम्ही दोघी तारिहाळला गेलो. कारखान्याचा मालक आधी बिचकला. त्याला वाटलं, अपघाताची चौकशी करायला आलेल्या बायका. अक्कांनी त्याला बाजूला घेऊन कन्नडमध्ये सगळं सांगितलं, अगदी सावकाश. तो ऐकत राहिला, मग स्वतःच किल्ली आणायला गेला.

आत शेड निजलेली होती. मला दुसरा शब्द सुचत नाही. छताला मधून मधून पांढरे पत्रे होते, त्यांतून उजेडाचे लांब पट्टे खाली उतरले होते आणि त्यांत धूळ इतकी हळू फिरत होती की बघता बघता आपलाही श्वास तसाच होई. रबराचा वास होता, पण शिळा. वर तुळईवर कबुतरं घुमत होती. तो प्रेस कोपऱ्यात, तोंड उघडं ठेवून, एखाद्या म्हाताऱ्या जनावरासारखा उभा होता.

अक्कांनी चटई अंथरली, आडव्या झाल्या, कॅमेरा कानाशी ठेवला. मीही पलीकडं आडवी झाले, चित्रात येणार नाही अशी, एका मशिनच्या आडोशाला. मालक दाराबाहेर. बराच वेळ गेला. काहीच घडत नव्हतं, अक्कांना हवं तसंच. आणि मग अक्का उठल्या.

त्यांनी त्यांचा नियम स्वतः मोडला. उठून प्रेसकडं गेल्या, बांगडी मागं सारली आणि त्या उघड्या तोंडात, खालच्या पाटावर, आपला डावा हात पालथा ठेवला.

मी आडोशातल्या आडोशात ताडकन उठून बसले. मेन स्विच बंद होता, फ्यूज मालकानं आमच्यासमोर काढून खिशात घातला होता, हे सगळं माहीत असूनसुद्धा. अक्का उभ्या होत्या. वरच्या उजेडाचा एक पट्टा त्यांच्या पांढऱ्या केसांवर. "थंड आहे ग," त्या म्हणाल्या, मला नव्हे, कॅमेऱ्यालाही नव्हे. "अगदी थंड आहे."

पुढच्या ड्रेसिंगच्या दिवशी मुलीला औषध दिलं, डबा चढवला. अक्का अंगठा धरून बसल्या. ती लगेच जोरजोरात श्वास घेऊ लागली. सर्जननी माझ्याकडं बघितलं. मी हातातलं सलाइनचं भांडं तसंच धरून ठेवलं.

"कुठं आहेस?" अक्कांनी विचारलं.

"शेडमध्ये."

"काढू डबा?"

"नको." मग थांबून, "बंद आहे." मग पुन्हा, खात्री करून घेतल्यासारखं, "बंदच आहे. वरून उजेड येतोय. इथं वरून उजेड येतो, मला माहीतच नव्हतं."

"तुला वर बघायला कधी मिळालं?"

"कबुतरं आहेत." तिचा श्वास जरा खाली आला. मी पट्टी भिजवायला घेतली. हात तिचा टेबलावर होता. तिनंच ठेवला होता. पट्टीचा पहिला पदर सुटला, दुसरा सुटला, ती कण्हली, पण हात तिथंच. आणि मग एकदम ताठ होऊन ओरडली, "अक्का! तुम्ही आत हात घातला! काढा की! काढा!"

"थंड आहे ग. बघ तू."

ती बघत राहिली. डब्याच्या कडेनं पाणी कानापर्यंत ओघळत होतं. मी शेवटचा पदर उचलला, जखम धुतली, मलम लावलं, नवी पट्टी घातली. ती रडत होती, मोठ्यानं नाही, लांबच्या प्रवासाहून घरी आल्यावर रडतात तशी. सर्जन बाहेर गेले आणि तिच्या आईला स्वतः सांगून आले.

एका दिवसात सगळं झालं नाही. पुढच्या वेळी ती पुन्हा अडली, एकदा डबा काढायला लावला, एकदा तर यायलाच तयार नव्हती, आईनं रिक्षात घालून आणली. पण हात तिनं पुन्हा छातीशी नेला नाही. त्या निजलेल्या शेडमध्ये पडून ती बोटं हलवायला शिकली, एकेक करून, दातावर दात दाबून. हात वाचला. पंजाच्या मागच्या बाजूला गुळगुळीत, ताणलेली कातडी राहिली आहे, पण मूठ पूर्ण उघडते, पूर्ण मिटते. प्रेसवर ती परत गेली नाही. आता एका कापडाच्या दुकानात असते.

शेवटच्या ड्रेसिंगला तिनं शेड मागितली नाही. म्हणाली, "अक्का, तुमच्याकडं तो मोठा मासा आहे म्हणे. तो दाखवा की." अक्कांनी मुकाट्यानं देवमासा लावून दिला. मुलगी हसत हसत मान फिरवून तो मासा बघत होती. आणि अक्का दोन-तीन दिवस माझ्याशी फुरंगटून होत्या, जसं काही तो मासा मी आणला होता.

त्यांचे राग असेच असायचे. कशावर राग येईल सांगता यायचं नाही. दुपारी झोपणाऱ्या माणसावर त्या चिडायच्या. "फुकटची भूल!" म्हणायच्या. पण बसमध्ये शेजारची बाई त्यांच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली तर धारवाडचा स्टॉप आला तरी उठायच्या नाहीत, पुढं जाऊन उलट्या बसनं परत यायच्या. भुलीतून उठताना माणूस पहिल्यांदा ज्या भाषेत बोलतो तीच त्याची खरी भाषा, असं त्यांचं ठाम मत होतं. "आणि तुमची कुठली?" मी एकदा विचारलं. त्या विचारात पडल्या. "मला कुणी भूलच दिली नाही ग कधी," म्हणाल्या, आणि पहिल्यांदा मला त्या जरा एकट्या वाटल्या.

त्यांचे डोळे बिघडत होते, हे आमच्या उशिरा लक्षात आलं. त्यांच्याही. आधी त्या कॅमेऱ्याची भिंगं पुसत राहायच्या. "मधोमध डाग येतोय, बोटाचा ठसा उमटावा तसा," म्हणून भाच्याला फोनवरून झापलं. त्यानं नवं भिंग पाठवलं. डाग तसाच. मग एक दिवस चहा देताना माझ्याकडं बघून म्हणाल्या, "काय लागलंय ग तुझ्या तोंडाला?" आणि पदराच्या टोकानं माझं नाक-तोंड पुसू लागल्या. पुसता पुसता त्यांचा हात थांबला. दोघींनाही एकदमच कळलं.

डोळ्याच्या आतल्या पडद्याला म्हातारपणी होणारा विकार. उपाय म्हणजे डोळ्यातच द्यायचं इंजेक्शन, काही महिन्यांनी पुन्हा, पुन्हा. गेलेलं परत येईल असं नाही, पण राहिलेलं टिकतं. आज त्या बेळगावला भाचीकडं असतात. कडेकडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. त्यांचा डबा आणि जागांची पेटी आमच्याकडंच आहे. नवीन चित्रं आता आमचे सर्जन काढतात, सुट्टीच्या दिवशी, बायको-मुलांना घेऊन जातात आणि खरंच जमिनीवर आडवे होतात. मी पाहिलंय.

पण सांगायचंय ते पहिल्या इंजेक्शनचं. अक्कांनी सोबतीला मला बोलावलं. डोळ्यांच्या दवाखान्यातले डॉक्टर ओळखीचे निघाले. मीही सिस्टर आहे म्हटल्यावर मला टोपी-गाउन घालून आत बसू दिलं. अक्का सकाळपासून सारख्या बोलत होत्या. थेंब कुठले, सुई कुठली, किती वेळ थांबता, सगळं विचारून झालं. टेबलावर निजवून तोंडावर हिरवं कापड टाकलं, एका डोळ्यापुरतं भोक ठेवून, तशा त्या एकदम गप्प झाल्या. चादरीबाहेर त्यांचे हात दिसत होते. त्या किरकोळ हातांची बोटं एकमेकांत गुंतत होती, सुटत होती.

आणि इथं डब्याचा उपयोग नव्हता. काम डोळ्यावरच होतं.

"बोल काहीतरी," कापडाखालून आवाज आला.

"काय बोलू अक्का? तळं सांगू? रान सांगू?"

"माझ्या जागा मला पाठ आहेत. तुझी सांग."

डॉक्टरांनी थेंब टाकले. मी त्यांचा हात धरला आणि तोंडाला येईल ते सांगू लागले. रेल्वेचे क्वार्टर. आम्ही हुबळीच्या रेल्वे कॉलनीत वाढलो, वडील वर्कशॉपमध्ये होते. रविवारी आई त्यांचे निळे कामाचे कपडे धुवायची. तेल-ग्रीसनं इतके ताठ की बादलीत उभे राहायचे. धुऊन तारेवर घातले, खांद्यापासून पायापर्यंत, की लांबून वाटायचं बाबाच उभे आहेत, नुसतं डोकं नाही. पलीकडं लिंबाचं झाड, त्याच्या पलीकडं रूळ. पौर्णिमा असली की आईची पूजेची पांढरी साडीही त्याच तारेवर, शेजारी. वाऱ्यानं दोघं एकमेकांकडं झुकायचे. आणि माझी धाकटी बहीण, तिला नुकतं बोलता येऊ लागलेलं, त्या निळ्या कपड्यांसमोर जाऊन उभी राहायची आणि त्यांना काहीबाही विचारायची. बाबा, चिमणी कुठं गेली? बाबा, आज भजी करायची?

अक्कांची बोटं माझ्या हातात हळूहळू सैल पडली.

"झालं," डॉक्टर म्हणाले. आणि मी थांबले.

डोळ्यावर पट्टी बांधून आम्ही ऑटोत बसलो. सकाळचं कोवळं ऊन होतं. दुकानं उघडत होती, कुणी शटर वर लोटत होतं, कुणी उंबऱ्यावर पाणी शिंपडत होतं. अक्का एका डोळ्यानं बाहेर बघत होत्या, पण बाहेरचं बघत नव्हत्या. मी विचारलं, दुखतंय का. त्यांनी ऐकलंच नाही. लॅमिंग्टन रोड जवळ आला तशा त्या माझ्याकडं वळल्या. चेहऱ्यावर लहान मुलीची उत्सुकता.

"मग? कपड्यांनी उत्तर दिलं काय?"

"दिलं की," मी म्हटलं. "वाऱ्यानं एक बाही वर झाली. बहीण घरात पळत आली, बाबा हो म्हणाले म्हणून. मग आईला भजी करावीच लागली."

अक्का मनापासून हसल्या. मग पुढं वाकून त्यांनी ऑटोवाल्याच्या खांद्याला हात लावला आणि कन्नडमध्ये सांगितलं, "जरा हळू ने बाबा. कपडे अजून वाळले नाहीत."

त्यानं आरशातून आमच्याकडं बघितलं, आणि ऑटो हळू केली.